दर जूनला बंद पडणारं ब्रश कटर आणि टाकीत राहिलेलं पेट्रोल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पौडच्या पुढे पाऊण एकर जागा, जाणं फक्त शनिवार-रविवारी. ५२ सीसीचं टू-स्ट्रोक ब्रश कटर (लांब दांड्याचं गवत कापायचं यंत्र) आणि फोर-स्ट्रोक इंजिनाचं लॉन मोअर, दोन्ही पत्र्याच्या शेडमध्ये. दिवाळीनंतर शेवटचं चालवलं, आता जूनमध्ये दोरी ओढून खांदा भरून आला तरी चालू होत नाही. मेकॅनिक दरवर्षी ‘कार्ब्युरेटर चोक झालाय’ म्हणतो (म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग तुंबलाय), साफ करून देतो, पैसे घेतो, आणि पुढच्या जूनला परत तेच. तर टाकी भरून ठेवावी की रिकामी, महिन्यातून एकदा चालू केलं तर भागेल का, पेट्रोलमध्ये घालायचं औषध ऑनलाइन मिळतं ते घ्यावं का, आणि मेकॅनिक फसवतोय का.

मी पुण्यात हीच यंत्रं दुरुस्त करतो. सोसायट्यांची, नर्सरीवाल्यांची आणि तुमच्यासारख्या सुट्टीच्या दिवशी शेतकरी होणाऱ्यांची. पहिले दोन पाऊस पडून गवत वर आलं की दुकानासमोर मशिनांची रांग लागते, आणि त्यातली बहुतेक मोडलेली नसतात. ती नुसती बसून राहिलेली असतात. तुमचा खरा प्रश्न ‘मशीन चालू का होत नाही’ हा नाहीच. नोव्हेंबर ते जून या सात महिन्यांत कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल का राहिलं, हा आहे. ते एक सुटलं की बाकीची देखभाल किरकोळ आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण बहुतेक लोक व्हिडिओ बघून येतात. ते सल्ले बर्फ पडणाऱ्या देशांतले असतात. तिथे मशीन हिवाळाभर थंड गॅरेजात झोपतं. आपलं मशीन झोपतं ते नेमकं मार्च-एप्रिल-मेमध्ये, चाळीस अंशाच्या उन्हात तापणाऱ्या पत्र्याखाली, आणि उठवायची वेळ येते ती हवा ओलीचिंब असताना. म्हणजे आधी पेट्रोल उडून जायला हवं तेवढं ऊन, मग उरलेल्यात पाणी शिरायला हवा तेवढा दमटपणा. तिकडचं वेळापत्रक जसंच्या तसं उचललं की फसायला होतं.

पेट्रोल म्हणजे एकच एक पदार्थ नाही, अनेक घटकांचं मिश्रण आहे. त्यातला हलका भाग आधी उडतो, आणि थंड इंजिन पहिल्या झटक्यात पेटायला नेमका हाच भाग लागतो. मागे राहतो तो जड भाग, हवेशी संबंध येऊन चिकट होत जाणारा. टाकीत लिटरभर असेल तर हे सावकाश चालतं. पण मोअरच्या कार्ब्युरेटरच्या वाटीत जेमतेम चार चमचे पेट्रोल असतं, तिथे उन्हाळ्याचे काही आठवडे पुरतात. जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचं, भोक मिलिमीटरपेक्षा बारीक, त्यात हा चिकटा बसला की संपलं. इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुस्तिकेत महिन्याभरापेक्षा जुनं पेट्रोल वापरू नका असं लिहिलेलं असतं, ते उगाच नाही. ब्रश कटरमध्ये आणखी एक भानगड आहे: पेट्रोल उडतं पण त्यात मिसळलेलं टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं वंगण, ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं) उडत नाही. ते मागे राहतं आणि आतल्या पातळ पडद्यांवर काकवीसारखं बसतं.

त्यात आता इथेनॉल. २०२५ पासून आपल्याकडे पंपावर मिळणारं साधं पेट्रोल म्हणजे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. तुमच्या मशिनच्या पुस्तिकेत बहुधा १० टक्क्यांपर्यंतचंच चालेल असं छापलेलं असेल, एकदा काढून बघा. याचा अर्थ मशीन लगेच खराब होतं असा नाही. रोज चालणारी मशिनं ई२० वर चालतातच, माझ्याकडे येणाऱ्या सोसायट्यांच्या माळ्यांची चालतात. पण इथेनॉल ओलावा ओढून घेतं. थोडं पाणी त्यात मुरून राहतं, इंजिनाला पत्ताही लागत नाही. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी जाऊन बसतात. टाकीतली नळी ओढते तळातूनच. टू-स्ट्रोकचं ऑइल मात्र वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं. म्हणजे इंजिनात जातं ते वंगण नसलेलं मिश्रण, आणि एवढं करून ते चालू झालंच तर पिस्टन घासून जॅम होण्याची भीती. बंद पडलेलं मशीन परवडलं.

हे तुम्हाला घरी बघता येईल. ब्रश कटरच्या टाकीतलं आत्ता असलेलं पेट्रोल काचेच्या स्वच्छ पारदर्शक बाटलीत ओता आणि उघड्यावर, सावलीत, विडी-सिगारेट-शेगडीपासून लांब, पंधरा-वीस मिनिटं न हलवता ठेवा. मग बाटली उजेडासमोर धरा. तळाशी वेगळ्या रंगाचा पट्टा आणि मधे स्पष्ट रेघ दिसली तर ते वेगळं झालेलं पेट्रोल. रेघ नाही पण रंग गडद झालाय आणि रंगाच्या दुकानात शिरल्यावर येतो तसा वास येतोय, तर ते शिळं. दोन्हींचा इंजिनासाठी उपयोग शून्य. ताजं मिसळून ‘संपवून टाकू’ हा विचार करू नका.

आता आज काय करायचं ते. टाकी पूर्ण रिकामी करा, ताजं पेट्रोल भरा. ब्रश कटरला कार्ब्युरेटरजवळ रबराचा पारदर्शक फुगा असतो, तो दाबत राहा. फुग्यात पेट्रोल दिसतच नसेल, किंवा सतत बुडबुडेच येत असतील, तर कार्ब्युरेटरपर्यंत मुळात पेट्रोल पोचत नाहीये. टाकीच्या आतली नळी कडक होऊन चिरली असणार किंवा नळीच्या टोकाचा फिल्टर तुंबलेला. ही नळी चिरते ती बहुधा टाकीत शिरते त्या भोकाशी, वाकवून बघितल्याशिवाय चीर दिसत नाही. नळी आणि फिल्टर दोन्ही स्वस्त असतात, आणि ई२० च्या काळात मी तर दर दोन-तीन वर्षांनी न विचारता बदलतो.

फुगा भरतोय तरी चालू होत नसेल तर ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग काढा. प्लग कोरडा असेल तर इंजिनात पेट्रोल जात नाही. ओला असेल तर जातंय पण पेटत नाही, किंवा तुम्ही चोक (थंड इंजिन चालू करताना हवा अडवणारी खटकी) लावून इतकी दोरी ओढलीत की इंजिन पेट्रोलने बुडालंय. तसं असेल तर प्लग पुसा, चोक उघडा, प्लग न लावता दहा-बारा वेळा दोरी ओढून आतलं पेट्रोल बाहेर पडू द्या आणि थोडा वेळ थांबा. कोरडा असेल तर प्लगच्या भोकातून चमच्याचा पाव भाग ताजं पेट्रोल सोडा, सांडलेलं पुसून घ्या, प्लग लावा आणि ओढा. दोन सेकंद फाट-फाट करून विझलं, तर ठिणगी ठीक, दाब ठीक, गुन्हेगार कार्ब्युरेटर. हे समजलं की मेकॅनिककडे जाताना तुम्ही ‘चालू होत नाही’ असं सांगत नाही, नेमकं काय होतं ते सांगता. बिलात फरक पडतो.

आणखी एक खूण ओळखून ठेवा, कारण ही सगळ्यात जास्त दिसते: चोक लावला की चालतं, चोक उघडला की बंद पडतं. म्हणजे मेन जेट अर्धवट तुंबलाय. लोक मग अर्धा चोक लावूनच हंगामभर मशीन चालवतात. तसं करू नका. इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, ते तापतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी.

कार्ब्युरेटर स्वतः उघडायचा की नाही, हे हातावर अवलंबून आहे. मोअरचा वाटीवाला कार्ब्युरेटर उघडणं सोपं. खाली एक बोल्ट असतो, बहुतेक १० नंबरच्या पान्याचा, तो सोडला की वाटी हातात येते. पेट्रोलचा कॉक असेल तर आधी बंद करा. वाटीच्या तळाशी हिरवट-पांढरी पावडर दिसली तर ती पाण्याची करामत. कार्ब क्लीनरचा स्प्रे मारा, जेट काढून उजेडासमोर धरा, भोक गोल आणि आरपार दिसलं पाहिजे. सुई, टाचणी, स्टीलची तार घालू नका. भोक तसूभर मोठं झालं की त्या जेटचा हिशेबच बिघडतो. वायरमधली तांब्याची एक बारीक तार चालते. ब्रश कटरचा कार्ब्युरेटर मात्र पडद्यांचा. त्यात पडदा आणि गास्केट कोणत्या क्रमाने बसतात ते विसरलात तर काम वाढतं. मोबाइलवर प्रत्येक पायरीचा फोटो काढत गेलात तर जमेल. चिनी ५२ सीसीच्या मशिनांचे अख्खे कार्ब्युरेटर हजाराच्या आत मिळतात. पडदे कडक झाले असतील तर साफसफाईत वेळ घालवण्यापेक्षा मी सरळ बदलायला सांगतो. चांगल्या कंपनीच्या मशीनला मात्र मूळ कार्ब्युरेटर ठेवून फक्त पडद्यांचं किट टाकावं.

हे झालं यंदाचं. पुढच्या जूनला ही वेळ येऊ नये म्हणून करायचं काम शेवटच्या वापराच्या दिवशीचं आहे, आणि त्याला वीस मिनिटांपेक्षा जास्त लागत नाहीत.

शेवटचा वापर कधी, हे ज्याच्या त्याच्या जागेवर ठरतं. शहरातल्या सोसायटीचं हिरवळीचं मशीन बारा महिने चालतं, त्यांना यातलं फारसं लागूच नाही. तुमच्याकडे डोंगर लागून असेल आणि वणव्यासाठी जाळपट्टा काढत असाल तर काम डिसेंबर-जानेवारीपर्यंत जातं. (तेव्हा गवत वाळलेलं असतं, तापलेल्या सायलेन्सरचं मशीन त्यावर आडवं ठेवू नका. जाळपट्टा काढता काढता वणवा लावल्याची उदाहरणं आहेत.) ज्यांचं दसरा-दिवाळीला आवरतं त्यांना मी सांगतो, खंडेनवमीला मशीन पुसून हळद-कुंकू वाहताच ना, त्याच दिवशी एअर फिल्टर आणि प्लगही बघा. पेट्रोल मात्र शेवटचा घास कापून झाल्यावरच काढा.

ब्रश कटरची पद्धत अशी. इंजिन गार होऊ द्या, टाकी रिकामी करा. मग परत चालू करा आणि मंद वेगावर चालू द्या, नळीत आणि कार्ब्युरेटरमध्ये उरलेलं संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत. फुगा पाच-सहा वेळा दाबा, परत चालू करून बघा, उरलेला एखादा घोटही जाईल. मोठ्या वेगावर हे करू नका, शेवटच्या क्षणी ऑइलविना फिरायला नको. काही जण म्हणतात, पडदे कोरडे पडले की आखडतात, म्हणून थोडं पेट्रोल राहू द्यावं. माझा अनुभव उलटा आहे. कोरडे ठेवलेले पडदे क्वचित आखडतात, ओले ठेवलेले हमखास चिकटतात. आणि बड्या कंपन्यांच्या पुस्तिकाही तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवायचं असेल तर कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत चालवा असंच सांगतात.

मोअरला टाकी रिकामी करा, बंद पडेपर्यंत चालवा आणि तरीही वाटीचा खालचा बोल्ट सोडा. इंजिन बंद पडतं तेव्हा वाटी रिकामी झालेली नसते, फक्त जेटपर्यंतची पातळी खाली गेलेली असते. तळाचं ते उरलेलं चमचाभर पेट्रोलच पुढे पावडर होतं. ‘मी रिकामं करूनच ठेवलं होतं हो’ म्हणणाऱ्यांच्या मशिनात हेच सापडतं. बोल्टचा वॉशर हरवू नका.

मग दोन्ही मशिनांचा प्लग काढून आत चमचाभर ऑइल सोडा, ब्रश कटरला टू-टी आणि मोअरला इंजिन ऑइल. भोकावर फडकं धरून दोरी दोन-तीन वेळा सावकाश ओढा म्हणजे ते सिलिंडरभर पसरेल. प्लग परत बसवा, त्यावरची वायरची टोपी लावू नका. शेवटी दोरी हळूहळू ओढत जिथे जोर लागायला लागेल तिथे सोडून द्या. फोर-स्ट्रोकमध्ये त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, पावसाळी हवा आत शिरत नाही. मुळशीकडचा पाऊस पाहता या एका गोष्टीचं मोल मी शहरातल्यापेक्षा तिकडच्यांना जास्त सांगतो.

तर टाकी भरलेली की रिकामी? रिकामी. भरलेली ठेवा म्हणणाऱ्यांचा मुद्दा लोखंडी टाकीपुरता खरा आहे, रिकाम्या टाकीत आतून दव सुटतं आणि गंज धरतो. तुमच्या ब्रश कटरची टाकी प्लॅस्टिकची, तिला गंजायला काही नाही. जनरेटर किंवा जुन्या मोअरची लोखंडी टाकी असेल तर रिकामी करून त्यात थोडं टू-टी ऑइल टाका आणि टाकी हलवून आतून सगळीकडे फिरवा. जूनमध्ये पहिलं पेट्रोल त्यातच भरलंत तर दोन मिनिटं धूर येईल, बस.

पेट्रोल टिकवायचं औषध, स्टॅबिलायझर म्हणतात ते, खोटं नाही. पण ते ताज्या पेट्रोलमध्ये टाकायचं असतं आणि टाकल्यावर इंजिन दहा मिनिटं चालवून कार्ब्युरेटरपर्यंत पोचवायचं असतं. शिळ्या पेट्रोलला ते जिवंत करत नाही, आणि वेगळं झालेलं पाणी परत मिसळत तर नाहीच. दीड-दोन महिन्यांच्या खंडासाठी ठीक. सात महिन्यांसाठी रिकामं करणं फुकटचं आहे आणि जास्त खात्रीचं.

महिन्यातून एकदा चालू करण्याबद्दल: लोक काय करतात, जातात, दोरी ओढतात, दोन मिनिटं घरघर ऐकून समाधानाने बंद करतात. याने नुकसान होतं. इंजिन नीट तापत नाही, जळताना तयार झालेलं पाणी वाफ होऊन बाहेर जायच्या ऐवजी आतच राहतं, प्लगवर काजळी धरते, आणि कार्ब्युरेटरमध्ये मात्र नवीन पेट्रोल भरून ठेवलेलं असतं. चालू करायचंच तर पंधरा मिनिटं, गवत कापत, पूर्ण वेगाने. तेवढं काम नसेल तर हात लावू नका.

आता थोडं ऑइलबद्दल. मोअरचं ऑइल ठेवायच्या आधी बदला, जूनमध्ये नाही. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि पाणी असतं, ते सात महिने बेअरिंगवर कशाला बसवायचं? मोअरच्या इंजिनात साधारण अर्धा लिटरच्या आसपास बसतं, नेमकं ऑइल मोजायच्या पट्टीवर बघून भरा. काढलेलं ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, कुठून ते शोधा. बहुतेक वेळा गरम मशीनवर पाइपने पाणी मारणारा कोणीतरी असतो. नवीन मशीनचं पहिलं ऑइल तर पहिले काही तास चाललं की लगेच बदलायचं असतं (किती तास ते पुस्तिकेत बघा), हे विकणारा सांगत नाही. जुनं काळं ऑइल विहिरीच्या कडेला ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या.

ब्रश कटरला किती ऑइल मिसळायचं हे मशीनवर आणि ऑइलवर अवलंबून आहे. २५:१ लिहिलं असेल तर लिटरला ४० मिली, ५०:१ असेल तर २० मिली. बाटलीच्या झाकणाने अंदाजपंचे नको, औषधाच्या दुकानात मिळणारी मोठी सिरिंज घ्या. बाटलीवर जासो एफसी किंवा एफडी (टू-स्ट्रोक ऑइलचे दर्जे) लिहिलेलं बघा. ‘थोडं जास्त टाकलं तर मशीनला बरंच’ असं माळी लोक म्हणतात आणि मग सायलेन्सरची जाळी काजळीने बुजते, मशीनचा जोर जातो. गाडीचं २०डब्ल्यू४० इंजिन ऑइल टाकणारेही भेटतात. त्यांचं मशीन मी घेतो, पण काही वचन देत नाही. मिश्रण त्या दिवसापुरतंच करा. महिनाभर डब्यात मुरवून ठेवायची चीज नाही ती.

एअर फिल्टर स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, चार थेंब इंजिन ऑइल चोळून पिळून काढा. कागदी असेल तर फक्त झटका, धुवू नका. ब्रश कटरच्या खालच्या टोकाला, पात्याच्या वर, गिअरची डबी असते. तिच्या बाजूला एक स्क्रू असतो तो काढून लिथियम ग्रीस भरायचं असतं. हा स्क्रू कधी उघडलाच न गेलेली मशिनं येतात, आत ग्रीसच्या जागी तांबडी पूड. मोअर आडवं करून खालचं वाळलेलं गवत खरवडा. आडवं करताना आधी प्लगची टोपी काढा, आणि कार्ब्युरेटर वरच्या बाजूला राहील असंच कलवा, नाहीतर ऑइल थेट एअर फिल्टरमध्ये. नायलॉनची दोरी उन्हाळाभर वाळून ठिसूळ होते आणि दगडाला लागली की तुटत राहते. वापरायच्या आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवा, परत लवचीक होते.

ठेवायच्या जागेकडे येतो. सिमेंटच्या जमिनीवर थेट नको, फळीवर ठेवा किंवा ब्रश कटर खिळ्याला टांगा. प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळू नका, आतल्या आत दव धरतं. जुनी चादर किंवा गोणपाट पुरे, आणि धूळ कमी बसते एवढीच त्याची अपेक्षा. तुमच्याकडे शेड बंद असते म्हणून दोन पाहुणे गृहीत धरा. उंदीर एअर फिल्टरच्या डबीत घरटं करतात आणि पेट्रोलची नळी कुरतडतात. दुसरी कुंभारीण. ही माशी सायलेन्सरच्या तोंडात मातीचं घर बांधते, बाहेरून अगदी सफाईदार लिंपलेलं, आणि आत अळ्यांसाठी बेशुद्ध केलेल्या कोळ्यांची रास. असं मशीन चालूच होत नाही किंवा चालू होऊन लगेच गुदमरतं, आणि लोक कार्ब्युरेटर उघडून बसतात. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा घाला, पण त्याला लाल चिंधी बांधून बाहेर लोंबती ठेवा, म्हणजे जूनमध्ये काढायचा विसर पडणार नाही.

पेट्रोल साठवणं हा विषय मी गंभीरपणे सांगतो. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय जवळ ठेवता येतं, पण ते घट्ट झाकणाच्या भांड्यात. भांडं धातूचं असेल तर २५ लिटरपेक्षा मोठं नको, काचेचं असेल तर एक लिटरपेक्षा मोठं नको. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या यात कुठेच बसत नाहीत. तुम्हाला एका शनिवारला दोन-तीन लिटर लागतं, तेवढंच जाताना न्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागेत साठते. म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी, मीटर रूममध्ये, तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा गॅस गीझर असलेल्या पडवीत मशीन आणि डबा ठेवू नये. पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांत माळ्याचं मशीन जिन्याखाली मीटरला टेकून उभं असतं, टाकी भरलेली. त्याचं मला मशीनपेक्षा जास्त भय वाटतं.

काढलेलं ताजं साधं पेट्रोल, मोअरमधलं, स्कूटरच्या टाकीत ओतलं तरी चालतं. ऑइल मिसळलेलं मात्र गाडीत नको. ते आणि शिळं, दोन्ही गॅरेजवाला घेतो, पार्ट धुवायला त्याला लागतंच. मोरीत किंवा मातीत ओतू नका.

तुमच्या बाबतीत एक अडचण राहते, शेवटच्या दिवशी मशीन कोण चालवतं. बहुधा तुम्ही नाही, जागा सांभाळणारा माणूस. त्याला ‘पेट्रोल काढून ठेव’ एवढं सांगून होत नाही, तो टाकी उपडी करतो आणि काम झालं समजतो. वाटीचा बोल्ट एकदा त्याच्या हाताने सोडून दाखवा. मशीनच्या दांड्याला पुठ्ठ्याचा तुकडा बांधून त्यावर तारीख आणि ‘टाकी, वाटी रिकामी’ लिहायला लावा. मी माझ्या गिऱ्हाइकांना तो पुठ्ठा बांधूनच देतो.

आणि मेकॅनिक. फसवत नाहीये, त्याचं निदान बरोबर आहे. पण दरवर्षी तोच चिकटा काढतोय आणि तो कशाने होतो हे तुम्हाला सांगत नाहीये, असं दिसतं. यंदा त्याला नळी, टाकीतला फिल्टर, पडद्यांचं किट आणि प्लग एकदमच बदलायला सांगा, जुने भाग परत मागा आणि बघा. नळी वाकवल्यावर कडकड वाजत असेल तर बदलली हे योग्यच झालं. मशीन नेताना टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून टाकू नका, काचेच्या बाटलीत घट्ट झाकण लावून सोबत न्या. ते बघून आणि हुंगून त्याला निम्मं काम आधीच कळेल.